साहेबांच्या भाषणातली काठी

माझ्या बाबांचा डावा हात कोपरात वाकडा होता आणि खांद्याच्या वर जात नव्हता. शर्ट घालताना आधी तो हात बाहीत सारावा लागे, मग उजवा. घरात आम्हाला त्याची इतकी सवय होती की त्याचं काही वाटत नसे. तालुक्याला मात्र तो हात पाठ होता, कारण दर निवडणुकीला तो स्टेजवर दाखवला जायचा. दाखवणारे आमचे साहेब. आधी जिल्हा परिषदेचे मेंबर, मग आमदार, मग मंत्री, मग एकदा पडलेले, मग दुसऱ्या पक्षातून पुन्हा आमदार. लहानपणी मी त्यांना काका म्हणायची.

दोघं एकाच गावचे. चाकूरपासून गाव जवळ आहे. साहेब पाटलाच्या घरचे, बाबा बौद्ध वस्तीतले. माझे आजोबा त्या पाटलांकडेच सालगडी होते. गावात दोघांनी एकत्र पाणी प्यायचं म्हटलं तरी तांब्या कुणाचा, हा प्रश्न यायचा. लातूरला कॉलेजात गेल्यावर तो सुटला. दोघांनी मिळून एक खोली भाड्यानं घेतली, एका स्टोव्हवर भात टाकला, एकाच्या इस्त्रीच्या शर्टात दुसऱ्यानं परीक्षा दिली.

त्या काळात शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने येत नव्हती. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. कचेरीसमोर लाठ्या चालल्या. साहेब सगळ्यांत पुढं घोषणा देत होते. काठी त्यांच्या डोक्यावर येताना बाबांनी पाहिली आणि हात आडवा घातला. कोपराचं हाड मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच जुळलं. खांदाही आखडला तो आखडलाच.

एवढीच गोष्ट आहे. बाबांनी ती मला एकदाच सांगितली, आणि त्यातही काठीबद्दल कमी, दवाखान्याबद्दल जास्त. साहेब त्यांच्या खाटेजवळ चटई टाकून राहिले होते. त्यांनी कपडे धुतले, केस विंचरले, घास भरवले. एक दिवस साहेबांचे वडील गावाहून आले आणि दारातूनच ओरडले, "कुणाला भरवून राहिलास, ध्यानात हाय का?" साहेबांनी हातातला घास खाली ठेवला नाही. म्हणाले, "ह्याचा हात आडवा आला नसता तर तुमी आज माझ्या मातीला आले असते." पाटील तसेच माघारी फिरले.

"त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी बाप दुखवला," बाबा म्हणायचे. त्यांच्या लेखी हिशोब तिथंच मिटला होता, नव्हे, बाबाच त्यांचे देणेकरी झाले होते. त्या वयात तो माणूस खरा होता, हे मी नाकारत नाही. उलट त्याचाच मला जास्त राग येतो. मुळातच खोटा असता तर बाबा इतके फसले नसते.

पुढं साहेबांनी शाळा काढली. जागा त्यांची, संस्था त्यांची. पोरं गोळा केली बाबांनी. वाड्या-तांड्यांवर सायकलनं फिरून, एकेका बापाला समजावून त्यांनी वर्ग भरवले. पहिली काही वर्षं झाडाखाली शाळा भरली. इमारत झाली तेव्हा बोर्डावर साहेबांच्या वडिलांचं नाव लागलं. दवाखान्याच्या दारातून ओरडले होते, त्याच पाटलांचं. बाबांनी त्या नावाच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं.

तेव्हा साहेब आमच्या घरी यायचे. चपला बाहेर काढून थेट चुलीपुढं बसायचे. माय त्यांना भाऊजी म्हणायची. तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात पडायची आणि ते म्हणायचे, "वहिनी, ठेचा वाढा की, कंजूषपणा कामून करून राहिल्या?" पाटलाच्या पोरानं आमच्या घरात जेवणं तेव्हा लहान गोष्ट नव्हती. वस्तीतली माणसं दारात येऊन उगीच काहीतरी विचारून जायची.

जिल्हा परिषदेला ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा शेवटची सभा गावातच झाली. मी मायच्या मांडीवर होते. साहेब माइकसमोर आले, बाबांना जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ही काठी माझ्यासाठी हुती. माझ्या दोस्तानं झेलली. मी जितके दिवस जगून राहिलो तितके ह्या हाताचा हाय." बाबांनी हात जमेल तितका वर केला. माय सांगते, बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि तीही पुसत होती. साहेब निवडून आले.

आमदारकीला उभे राहिले तेव्हा मी शाळेत जात होते. त्या सभेत ते म्हणाले, "काठ्या पडायल्या हुत्या आणि आमी दोघं एकमेकावर आडवे झालो." मला आपलं वाटलं, मीच आधी नीट ऐकलं नसेल. मंत्री झाल्यानंतरच्या सभेला मी बारावीत होते. बाबांची खुर्ची तोवर दुसऱ्या ओळीत गेली होती. साहेबांनी पांढऱ्या सदऱ्याची बाही सावरली, कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या दलित बांधवावर काठी उगारली तवा मी मधी पडलो. ही खूण बघा. ही खूण मला झोपू देत न्हाई." मग मागं वळून त्यांनी बाबांना उभं केलं. बाबा उभे राहिले. टाळ्या पडल्या.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, त्यांच्या कपाळाला कधी लागलं?"

बाबा चालता चालताच म्हणाले, "लहानपणी बैलानं मारलं होतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"भाषणात थोडं इकडं-तिकडं होतं. माणसं धरून ठेवावी लागतात."

माय मागून येत होती. ती म्हणाली, "इकडं-तिकडं न्हाई. तुमचा हात मोडला तो मोडला, आता तो तुमचा पण राहिला न्हाई."

साहेबांचं घरी येणंही तोवर बदललं होतं. यायचे, पण गाड्या दहा-बारा असायच्या, फोटोवाला सोबत असायचा आणि बाटलीतलं पाणी गाडीतून यायचं. माय भाकरी वाढायची, ते एक घास मोडायचे, फोटो झाला की उठायचे. एकदा मायनं सवयीनं "भाऊजी, ठेचा?" म्हटलं तर सोबतच्या एका कार्यकर्त्यानं तिला हळूच सुनावलं, "मावशी, साहेब म्हणा." साहेबांनी ते ऐकलं होतं. ते फोटोवाल्याकडं वळले. मायनं ताट उचललं आणि परत कधी त्यांच्यासाठी चूल पेटवली नाही.

मग ते एकदा पडले, आणि पुढच्या निवडणुकीआधी पक्ष बदलला. गळ्यातलं उपरणं बदललं. ज्यांना आयुष्यभर शिव्या दिल्या त्यांच्यासोबत स्टेजवर बसले. भाषण तेच राहिलं. काठी तीच, कपाळ तेच. ते पुन्हा निवडून आले. मी तोवर नांदेडला बँकेत लागले होते. इथवर जे झालं ते एका भाबड्या माणसाचं आणि एका हुशार माणसाचं आपसातलं होतं, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पुढं जे झालं त्यात तिसरा माणूस भरडला गेला.

आमच्या शेजारच्या मावशीचा मुलगा बाबांच्या हाताखाली शिकलेला. आयटीआय करून त्यानं गावात एसटी थांब्यापाशी पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान टाकलं होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्यानं फॉर्म भरला, तो खुल्या जागेवर. राखीव जागा वेगळी होती, पण तो म्हणाला, कायद्यानं मला कुठंही उभं राहता येतं. गावातलं पॅनेल साहेबांच्या माणसांचं होतं. त्यांची पोरं दुकानात आली. "तुमची राखीव जागा हाय की. खुल्यात कामून घुसून राहिलास?" एवढं विचारलं आणि त्याच्याच दुकानातला लोखंडी पाइप उचलला. त्याचा जबडा मोडला, पायाची नडगी मोडली. अॅट्रॉसिटीची केस झाली.

मी रजा टाकून गावी आले. बाबा म्हणाले, साहेबांना भेटू, ते मार्ग काढतील. आम्ही दोघं लातूरच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी आम्हाला बराच वेळ ताटकळत ठेवलं नाही, हे सांगितलं पाहिजे. लगेच आत घेतलं, बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं.

"पोरगं कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"जबडा बांधलाय. नळीनं दूध पाजून राहिलेत." चारचौघांत बाबा त्यांना तुम्ही म्हणत, एकट्यात तू. ते पुढं म्हणाले, "मारणारे तुझे हायेत."

"दोन्हीकडचे माझेच हायेत, दोस्ता. तीच तर पंचाईत हाय. केस पुढं गेली तर आख्खा पट्टा उलटंल. विधानसभा तोंडावर हाय."

मला राहवलं नाही. "काका, त्याच्या जागी मी असते तर?"

ते माझ्याकडं बघून हसले. चिडले नाहीत. "तू असती तर तुला उभं राहू दिलं नसतं, बाई. घरातल्या पोरीसारखं समजावून सांगितलं असतं."

मग ते बाबांच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसले आणि त्यांचा तो डावा हात हातात घेतला. "दोस्ता, तू एकदा माझं डोकं वाचवलंस. ही एक बारी अजून वाचव. पोरानं कोर्टात म्हणावं, कुठून तरी पडलो. त्याला आपल्या साखर कारखान्यावर कायम करतो. माझा शब्द हाय."

खोलीत फोटोवाला नव्हता, माइक नव्हता. एकट्यात त्यांना गोष्ट अगदी बरोबर आठवत होती. काठी कुणासाठी होती आणि कुणी झेलली, सगळं.

परतताना एसटीत मी बाबांशी भांडले. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पोराच्या आयुष्याचं कायमचं होईल. केस काय, दहा वर्षं चालेल आणि साक्षीदार तसेही फुटतील." ते चूक नव्हतं. आमच्याकडं साक्षीदार फुटतातच. पण हे बोलणारे माझे बाबा होते, ज्यांनी पाढा चुकला तर पोराला पहिल्यापासून म्हणायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मावशीकडं गेले. मुलगा खाटेवर होता, त्याला बोलता येत नव्हतं. बाबांनी साहेबांचा निरोप सांगितला. मावशीनं मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "सर, तुमी सांगून राहिले म्हंजी आमच्या भल्याचंच असंल." मुलानं मान भिंतीकडं वळवली.

केस उभी राहिली तेव्हा त्यानं कोर्टात सांगितलं, "ट्रॅक्टरवरून पडलो." आणखी दोघांनी तेच सांगितलं. मारणारे सुटले. गावात फटाके वाजले. ग्रामपंचायत तर त्याआधीच त्यांच्या ताब्यात गेली होती.

कारखान्याचं काम झालं नाही. बाबा फोन करायचे. साहेबांचा पीए आधी म्हणायचा, साहेब अधिवेशनात आहेत. मग म्हणायला लागला, सध्या भरती बंद आहे. मग फोन उचलेना झाला. एका उन्हाळ्यात मावशीच्या घराला कुलूप दिसलं. मुलगा आईला घेऊन गाव सोडून गेला होता. जाताना त्यानं बाबांना सांगितलं नाही.

वस्तीनं बाबांना एका शब्दानं बोल लावला नाही. "जयभीम, सर" म्हणत आणि पुढं जात. आधी बाबा ओट्यावर बसले की कुणी ना कुणी येऊन टेकायचं, पोराचा अर्ज लिहून घ्यायचं, पेपर वाचून घ्यायचं. ते थांबलं. जयंतीला विहारापुढं बाबांचं भाषण ठरलेलं असे. त्या वर्षी कमिटीनं नांदेडहून वक्ता आणला. बाबा धुतलेले पांढरे कपडे घालून गेले आणि मागच्या खुर्चीवर बसून आले. घरी येऊन मायला म्हणाले, "चांगला बोलला पोरगा." तिनं त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि हात हळू बाहेर काढला.

पुढची निवडणूक लागली. साहेबांची गाडी दारात आली. मला वाटलं, बाबा आता जाणार नाहीत. ते उठले आणि कपडे बदलायला लागले.

"कुठं चालले?" मायनं विचारलं.

"फोनवर भेटत नाही तो. स्टेजवर तर भेटेल. पोराच्या नोकरीचं विचारतो."

"पोरगं गाव सोडून गेलं."

"गेलं तरी शब्द आहे ना."

मी त्या दिवशी सोबत गेले. बाबांना स्टेजवर शेवटच्या ओळीत बसवलं होतं. साहेब थकलेले होते, आवाज बसला होता, पण काठीपाशी आले की आवाज उघडला. कपाळ दाखवून झालं. मग ते स्वतः मागं आले, बाबांना हाताला धरून माइकपाशी नेलं. बाबा वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलायला लागले. साहेबांनी गर्दीकडं बघत हसत मान हलवली आणि तो डावा हात मनगटाशी धरून सरळ वर खेचला. त्यांच्या स्वतःच्या डोक्याच्या वर. इतक्या वर्षांत जिथं तो कधी गेला नव्हता तिथं. बाबांचं तोंड उघडलेलं मला खालून दिसलं. आवाज टाळ्यांत गेला. फटाक्यांची माळ लागली.

खांद्यातला स्नायू फाटला, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो होता. त्यात बाबा घोषणा देताना दिसत होते.

साहेब निवडून आले. आमच्या गावातून त्यांना चांगली आघाडी मिळाली. वस्तीतूनसुद्धा. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं ते खरं. संजय गांधी निराधार योजनेचा पगार, घरकुल, पोरांचे दाखले, सगळं ज्याच्या माणसाकडून येतं त्याला माणसं मत देतात.

त्यानंतर बाबांनी गाडी दारात आली की आजारी असल्याचा निरोप द्यायला सुरुवात केली, आणि मग ते खरंच आजारी पडले. मी त्यांना नांदेडला माझ्याकडं आणलं. ते साहेबांबद्दल वाईट बोलले नाहीत, चांगलंही बोलले नाहीत. एकदा दुपारी खिडकीपाशी बसले असताना अचानक म्हणाले, "त्या पोराला जबडा नीट उघडता येत असेल का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी परत विचारलं नाही. पुढच्या थंडीत ते गेले.

माती गावातच झाली. तिसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत चॅनलवाले होते, त्यांचा मुलगाही होता, कारण पुढचं तिकीट त्याला मिळणार असं ठरत होतं. साहेबांनी बाबांच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले आणि कॅमेऱ्याला सांगितलं, "माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्यावर आलेली काठी मी अंगावर घेतली हुती. आज वाटतंय, मरण पण मीच अंगावर घ्यायला पाहिजे हुतं."

माय कोपऱ्यात चटईवर बसली होती. ती उठली. तिचा आवाज कधीच मोठा नव्हता आणि तेव्हाही झाला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्या फोटोपुढं सांगा. काठी कुणाला लागली हुती?"

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, खाटेशेजारी चटई टाकून राहिलेला तो पोरगा ह्या माणसात कुठंतरी असेल आणि आता बोलेल. त्यांचे ओठ हलले. मग मुलगा पुढं झाला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काकू दुःखात आहेत. चला, पुढं कार्यक्रम आहे." ते निघाले. जाताना साहेब उंबऱ्याला अडखळले, दोघांनी त्यांना सावरलं.

संध्याकाळी बातमी लागली. साहेब डोळे पुसताना दिसले, माय उभी राहून काहीतरी बोलताना दिसली. तिचा आवाज काढून मागं सनई लावली होती. बघणाऱ्याला वाटावं, ती त्यांना धीर देत आहे.

मुलाला तिकीट मिळालं आणि तो निवडून आला. मी ऐकलं ते असं की तो सभेत काठीची गोष्ट सांगत नाही. त्याच्या वयाच्या मतदारांना कुठला मोर्चा आणि कुठली शिष्यवृत्ती. साहेब आता बंगल्यातच असतात, माणसं ओळखत नाहीत असंही कुणी सांगितलं.

मागच्या वर्षी बँकेच्या कामानं मी धर्माबादला गेले होते. मिरचीच्या बाजाराकडून येताना एका दुकानापुढं जळालेल्या मोटारींची रांग दिसली, आणि आत तांब्याची तार गुंडाळत तो बसला होता. मावशीचा मुलगा. मी हाक मारली तर आधी दचकला, मग स्टूल पुसून पुढं सरकवलं. चहा मागवला. मावशी दोन वर्षांमागं गेली म्हणाला. बाबा गेल्याचं त्याला कळलं होतं. बिस्किट त्यानं चहात बुडवून एका बाजूनं चावलं, दुसरी बाजू बंदच होती.

लग्न त्यानं इकडं आल्यावर केलं होतं; बायको आतून पाणी घेऊन आली. माझी ओळख झाल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमच्या गावचं ट्रॅक्टर लई वाईट बगा. ह्यांचं निम्मं तोंड घेऊन गेलं."

मी त्याच्याकडं पाहिलं. ती आत गेल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "हिला तेच माहीत हाय. कोर्टात एकदा बोललो ना. मंग ठिकठिकाणी निराळं कशाला सांगायचं?"

मला काहीतरी बोलायचं होतं. बाबा शेवटी तुझीच आठवण काढत होते, असं काहीतरी. पण ते सांगून मी कुणाचं ओझं हलकं करणार होते, ते मला कळेना. बाहेर पोती उतरत होती, हवेत तिखट पसरलं होतं, आम्ही दोघंही मधूनमधून खोकत होतो.

उठताना मी म्हटलं, "गावाकडं ये की एकदा."

"कुणाकडं येऊ, ताई?" त्यानं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारावं तसं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोटार घेऊन आलं आणि तो ती उतरवून घ्यायला उठला.